युस्टेसची उंच गाडी

युस्टेस तुस्कानो गेली एकोणीस वर्षं बहरीनमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या उंच करतो. सलमाबादच्या गॅरेजांच्या रांगेत, एका टायरवाल्याच्या आणि एका पेंटरच्या मधे त्याचं वर्कशॉप आहे. मालकीचं नव्हे, तिथे तो फोरमन आहे. गिऱ्हाईक बहुतेक वाळूत गाडी घालणारं. थंडीत सखीरच्या वाळवंटात तंबू पडायला लागले की कामाची गर्दी सुरू होते. काम सांगायला सोपं आहे. पुढच्या चाकामागे शॉक आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला जो खांब असतो, त्याच्या डोक्यावर धातूची जाड चकती घालायची. मागे मूळ स्प्रिंग काढून लांब स्प्रिंग बसवायची. चाकांच्या आतल्या बाजूला स्पेसर लावून चाकं थोडी बाहेर ढकलायची आणि मोठे टायर चढवायचे. गाडी चार-पाच इंचांनी उंच होते. रस्त्यावर ती त्याहून बरीच जास्त उंच वाटते, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या वाटण्याचे.

युस्टेस मूळचा वसईतल्या गास गावचा. वय सत्तेचाळीस. बायको जोॲन एका खासगी हॉस्पिटलात नर्स, मुलगी तान्या नऊ वर्षांची. तुबलीत दोन खोल्यांचा फ्लॅट. घरात एकच गाडी: देश सोडून निघालेल्या एका इंजिनिअरकडून घेतलेली जुनी, पांढरी फोर-बाय-फोर. या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत ती कंपनीतून आली तशीच होती.

ती उंच करण्याचं निमित्त झालं अबू फैसल. हा वर्कशॉपचा जुना बहरीनी गिऱ्हाईक. त्याची आणि त्याच्या मित्रांची मिळून सात-आठ गाड्यांची टोळी दर शुक्रवारी वाळूत जायची. युस्टेसलाही अनेकदा नेलं होतं, पण हत्यारांच्या पेटीसकट, कुणाच्या तरी मागच्या सीटवर. कुणाची गाडी अडकली की उतरायचं, खाली आडवं व्हायचं, बघायचं. एके दिवशी अबू फैसल वर्कशॉपच्या दारात उभा राहून त्याच्या गाडीकडे बघत म्हणाला, "युस्टेस, सब का गाडी ऊंट बनाता है तुम. अपना गाडी बकरी?"

आकिब, वर्कशॉपमधला दुसरा मेकॅनिक, मोठ्याने हसला. युस्टेसही हसला.

"बनाओ," अबू फैसल म्हणाला. "फिर जुम्मा को आओ. काम के लिए नहीं. अपना गाडी लेके, हमारे साथ. यल्ला."

काम के लिए नहीं, हे शब्द युस्टेसने घरी जोॲनला दोनदा सांगितले.

एका गिऱ्हाइकाने आणखी महाग किट घेतल्यामुळे त्याचं गाडी उंच करायचं जुनं किट वर्कशॉपमध्ये पडून होतं. मालकाने ते युस्टेसला दिलं. गुरुवारी दुपारनंतर त्याने गाडी रॅम्पवर घेतली. आकिब मदतीला होता आणि अर्थातच बोलत होता. "देखो देखो, अपनी गाडी है तो एक नट को दो-दो बार टाइट कर रहा है. अगले जनम में मुझे तेरा कस्टमर बनना है."

दाराखालची पायदानं युस्टेसने काढून टाकली. वाळूच्या टेकडीवर चढताना ती खाली घासतात, शिवाय गंजलीही होती. ती त्याच संध्याकाळी भंगारात गेली.

किटमधली मागची स्प्रिंग चालेल का हे ठरवताना गाडीत साधारण किती वजन असणार ते धरावं लागतं. युस्टेसने ते नीट धरलं: तो, जोॲन, तान्या आणि आई. आई त्याच्या घरी येऊन तेव्हा आठवडा झाला होता. तिचं वजन त्याने हिशेबात घेतलं. तिचा गुडघा घेतला नाही.

कॅथरीन तुस्कानो चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आयुष्य केळी आणि मोगऱ्याच्या वाडीत उभ्याने गेलं. डावा गुडघा झिजला आहे. वसईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, आधी नातीचं पहिलं कम्युनियन होऊ दे. तान्याला चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद मिळणार होता, त्यासाठीच त्या बहरीनला आल्या. विमानतळावर त्यांच्यासाठी व्हीलचेअर युस्टेसनेच मागवली होती, त्यामुळे गुडघ्याचं त्याला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. तो स्वतःही तसं म्हणत नाही. "माहीत होतं," तो सांगतो. "डोक्यात नव्हतं."

उंच केलेल्या गाडीतून आईला पहिल्यांदा नेलं ते चर्चमध्ये, शुक्रवारच्या मिस्सेला; बहरीनमध्ये सुटी शुक्रवारी, म्हणून आठवड्याची मोठी प्रार्थनाही शुक्रवारीच. बिल्डिंगखाली त्याने प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. जोॲनने एक हात धरला, त्याने दुसरा, आणि त्या कशाबशा बसल्या. खरी अडचण आली मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या पार्किंगमध्ये. पार्किंग भरलेलं, मागे दोन गाड्या खोळंबलेल्या, एकाने हॉर्न वाजवला. स्टूल उतारावर डुगडुगलं. कॅथरीनबाईंनी पाय उचलला, तो पोचला नाही. पुन्हा उचलला. जोॲन तान्याला घेऊन मागच्या दाराने आत बसली होती. युस्टेसने आईच्या कमरेला मागून हात लावून वर ढकललं. साडी पोटरीपर्यंत वर गेली. चार पावलांवर वसईकडची ओळखीची माणसं घोळका करून उभी होती आणि बघत होती.

युस्टेस त्यांच्याकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी फोर्कलिफ्टच आणतो. गॅरेजमधली रिकामीच असते!"

आणि स्वतःच हसला. मग घोळका हसला. वर सीटवर पोचलेल्या कॅथरीनबाईही हसल्या. त्यांनी साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली आणि समोर बघायला लागल्या. वाटेत त्यांनी तान्याच्या पांढऱ्या फ्रॉकची चौकशी केली, त्याला बाह्या किती लांब आहेत ते विचारलं. घरी आल्यावर मासळी तळली. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

पुढच्या शुक्रवारी त्यांचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मला मोबाईलवर मिस्सा दिसते. गासच्या फादरांचीच दिसते, उलट बरं." मग बाजारात जाणंही थांबलं. बाब अल बहरीनला सोन्याची दुकानं बघायची म्हणून त्या भारतातून ठरवून आल्या होत्या. तेही नको म्हणाल्या. "सोनं काय, सगळीकडे पिवळंच."

चर्चमध्ये लोक विचारायचे, आई कुठे आहे? युस्टेस सांगायचा, "आयला हल्ली थकवा येतो." हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं की एकदा जोॲनसमोरही तो ते बोलून गेला.

"थकवा?" जोॲन म्हणाली. "दिवसभर घरात कपाटं पुसतायत त्या. तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

"टॅक्सी बोलवू या मग."

"विचारलं मी. म्हणाल्या, घरची गाडी दारात असताना टॅक्सीतून उतरले तर लोक काय विचारतील? तुझीच अब्रू सांभाळतायत त्या, बघ."

युस्टेस म्हणाला की बाजूला लावायची पायरी मागवतो. दार उघडलं की खाली येते आणि बंद केलं की आत जाते, अशी पायरी मिळते. हे तो महिनाभर म्हणत होता. मागवली नाही. आकिबने तर साधी पाइपची पायरी अर्ध्या तासात वेल्ड करून देतो म्हणून सांगितलं होतं. युस्टेसने त्यालाही, नंतर बघू, असं उत्तर दिलं. कारण त्याने कुणालाही सांगितलं नाही, पण ते त्याला ठाऊक होतं. अबू फैसलच्या टोळीत एकाही गाडीला पायरी नव्हती.

त्या टोळीबरोबर तो त्या काळात तीनदा गेला. सकाळच्या मिस्सेनंतर बायको-मुलीला घरी सोडायचं आणि निघायचं. गाडी टेकडीवर पहिल्या दमात चढली. वर सगळ्यांबरोबर घोळक्यात बसून त्याने इलायचीची कॉफी घेतली, आणि पेटी काढ म्हणून कुणी सांगितलं नाही. टेकडीवरच्या गाडीचा फोटो त्याने घरी पाठवला. संध्याकाळी आई म्हणाली, "छान दिसते रे. हत्तीण उभी केल्यासारखी." तिच्या आवाजात टोमणा शोधायचा त्याने प्रयत्न केला. तो सापडला नाही, आणि त्याचं त्याला जास्त लागलं.

ईस्टर झाला. कम्युनियनचा शुक्रवार जवळ आला. तान्या आजीला इंग्रजीत विचारायची, "आजी, यू आर कमिंग, राइट? यू प्रॉमिस्ड." आजी मराठीत सांगायची, "येणार म्हणजे येणार. तू तुझ्या प्रार्थना पाठ कर."

त्या कशा येणार, हे युस्टेसने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं.

चर्चने पालकांना कम्युनियनच्या आधी कन्फेशनला येण्यास सांगितलं होतं. मंगळवारी संध्याकाळी युस्टेस रांगेत उभा राहिला. आत फादर केरळचे, बोलणं इंग्रजीत. वाळूत जाण्याच्या गडबडीत एकदा मिस्सा अर्धी सोडली, कामावर शिव्या देतो, एका हाताखालच्या माणसावर ओरडलो, हे सगळं त्याने सांगितलं. फादरांनी विचारलं, आणखी काही? गाडी उंच करणं हे पाप नव्हे. थट्टा करणंही नव्हे. आईला पार्किंगमध्ये ढकललं, हे इंग्रजीत सांगितलं तर काहीतरी भलतंच ऐकू गेलं असतं. "नो, फादर," तो म्हणाला. फादरांनी त्याला थोड्या प्रार्थना सांगितल्या. त्या त्याने बाकावर गुडघे टेकून म्हटल्या, आणि बाहेर आल्यावर आत जातानापेक्षा वाईट वाटत होतं असं तो सांगतो.

बुधवारी कामावर निघताना बिल्डिंगच्या वॉचमनने त्याला थांबवलं. वॉचमन विठ्ठल नांदेडकडचा. बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारं दुसरं घर नसल्यामुळे कॅथरीनबाईंशी त्याची ओळख होती.

"साहेब, एक सांगू का? पण मावशीला कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून."

"काय झालं?"

"मावशी रोज खाली येतात, तुम्ही कामावर गेल्यावर. ती पंप-रूमची पायरी हाय ना, उंचावाली, तिच्यावर चढतात. दाराची कडी धरून. पहिल्यांदा पाय लई थरथरायचा. मी म्हणलो, मावशी, पडताल. ऐकतात व्हय? आता चढतात बघा एका झटक्यात. उतरताना तेवढा हात देतो मी."

"कशाला पण?"

विठ्ठलने त्याच्याकडे, हेही सांगायला हवं का, अशा नजरेनं पाहिलं. "नातीच्या दिवशी गाडीत आपलं आपण बसायचं म्हणल्या. ढकलायला कोणी नको म्हणल्या."

युस्टेस गाडीत बसला. पंप-रूमचं दार गाडीच्या अगदी समोर होतं. पायरी सिमेंटची, बिल्डिंगमध्ये दिसणाऱ्या कुठल्याही पायरीच्या तिप्पट उंच. गाडीच्या दाराच्या कडेइतकी.

गुरुवारी दुपारी त्याने मालकाकडून सुटी मागितली आणि त्याच वर्कशॉपमध्ये स्वतःची गाडी रॅम्पवर घेतली. आकिबला वाटलं, नट तपासायला.

"पूरा किट निकालना है," युस्टेस म्हणाला.

"दिमाग ठीक है? अबू फैसल को क्या बोलेगा?"

"मफी अबू फैसल, उसको कुछ नहीं बोलना. वो पाना दे."

उतरवणं हे चढवण्यापेक्षा किचकट काम आहे. चाकं काढली. स्पेसरचे नट वाळूने कडक झाले होते, एकेकाला तेल सोडून थांबावं लागलं. पुढचा खांब सोडवून खाली घेतला, डोक्यावरची चकती काढली, खांब पुन्हा जागेवर नेऊन भोकं जुळवली. मागे त्याने जपून ठेवलेल्या मूळ स्प्रिंगा घातल्या. मूळ टायर आकिबने कुठूनतरी मागच्या ढिगातून ओढून आणले. मग पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा हेडलाइटचा झोत जुळवणं. गाडी रॅम्पवरून खाली आली तेव्हा आकिब कमरेवर हात ठेवून उभा होता.

"अम्मा के लिए किया ना?"

युस्टेसने पाना पेटीत ठेवला.

"तो पायदान लगवा लेता, भाई. आधे घंटे का काम था. महीना पहले बोला था मैंने."

हे खरं होतं. युस्टेस हात धुवायला गेला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तो आईला म्हणाला, "आय, खाली चल जरा. गाडी दाखवतो."

कॅथरीनबाई खाली आल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. त्या लहानपणापासून बैलगाडीचं चाक कधी कललंय ते सांगू शकत होत्या, त्यामुळे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"काढलंस सगळं?"

"हो. पूर्वीसारखी केली."

"विठ्ठल बोलला ना तुला?"

युस्टेसला वाटलं होतं की आई दार उघडून बसून बघेल. ती बसली नाही.

"मला विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"तुझा गुडघा, आय..."

"गुडघा माझाच आहे. उंच केलीस तेव्हा विचारलं नाहीस. ठीक, गाडी तुझी. आज तरी विचारायचं. आता उद्या ते तुझे मित्र म्हणणार, आईमुळे गाडी खाली आली. म्हणजे माझ्यावरच आलं की नाही?"

"कुणी म्हणणार नाही."

"तूच म्हणशील. तोंडाने नाही म्हणणार, पण म्हणशील."

मग त्या पंप-रूमकडे गेल्या. कडी धरली, डावा पाय खाली रोवला, उजवा वर टाकला आणि एका दमात पायरीवर उभ्या राहिल्या. वळून त्याच्याकडे पाहिलं. साडी थोडी वर सरकली होती आणि डाव्या गुडघ्याला बांधलेली पट्टी दिसत होती. हॉस्पिटलात बांधतात तशी, वळसे सारखे असलेली पट्टी. म्हणजे जोॲनला माहीत होतं. गुडघा सुजलेला होता हे पट्टीवरूनही कळत होतं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "एवढी झाली होती तयारी. आता कुणाला दाखवू?"

युस्टेस पुढे झाला तोवर विठ्ठलने त्यांना हात देऊन उतरवलं होतं.

त्या रात्री जेवताना त्या तान्याशी बोलल्या, जोॲनशी बोलल्या. युस्टेसला वाढलं, पण त्याच्याशी बोलल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी कॅथरीनबाई मोरपंखी साडी नेसून, केसांत दुकानातून आणलेला मोगरा माळून खाली आल्या. पुढचं दार स्वतः उघडलं आणि बसल्या. त्यांना त्यासाठी काहीच करावं लागलं नाही. तान्या मागे फ्रॉकचा घेर सांभाळत बसली होती. रस्त्यात जोॲनने एकदा पट्टी घट्ट नाही ना असं विचारलं आणि सासूने नाही म्हटलं.

मिस्सा दीड तास चालली. तान्या रांगेत पाचवी होती. तिने जीभ बाहेर काढली, प्रसाद घेतला आणि परत येताना आजी कुठे बसली आहे ते शोधलं. आजी तिसऱ्या बाकावर होती. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून ती बसूनच होती, पण होती.

नंतर मुलांचे फादरांबरोबर फोटो सुरू झाले. ऊन चढलं होतं. जोॲन तान्याबरोबर थांबली आणि युस्टेस आईला घेऊन गाडीकडे निघाला. पार्किंगमध्ये तीच वसईची मंडळी होती. त्यांतला एक जण लांबूनच म्हणाला, "काय मावशी, खूप दिवसांनी! आज फोर्कलिफ्ट नाही वाटतं?"

ते चांगल्या मनाने विचारलं होतं. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती मावशीची आणि त्याची जुनी गंमत होती. युस्टेसच्या लक्षात आलं की इतके आठवडे आई इथे नव्हती तेव्हाही ही गंमत इथे चालू असणार.

"नाही," कॅथरीनबाई म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

युस्टेसने इंजिन सुरू केलं, एसी लावला. गाडी हलवायची नव्हती, जोॲन आणि तान्या यायच्या होत्या. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आय," तो म्हणाला. "त्या दिवशी मी हसलो."

"सगळेच हसले. मीसुद्धा हसले."

"आधी मी हसलो."

कॅथरीनबाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गुरुवारनंतर पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आधी तूच."

जाऊ दे, असं म्हणाल्या नाहीत. युस्टेसने त्यासाठी थोडा वेळ वाट पाहिली.

एसीची हवा गुडघ्यावर येत होती. ती झडप त्यांनी हाताने वर वळवली. चर्चच्या दारात तान्या दिसली, पांढऱ्या फ्रॉकात, हात हलवत. ती फोटोसाठी आजीला बोलावत होती. कॅथरीनबाईंनी दार उघडलं.

युस्टेस वळसा घालून त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. हात त्याने पुढे केला नाही.

"हात देऊ का?" त्याने विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. दाराच्या कडेला धरून क्षणभर थांबल्या, डाव्या पायावर भार देऊन पाहिला, आणि तान्याच्या दिशेने चालायला लागल्या. युस्टेसने गाडी बंद केली आणि त्यांच्या मागून गेला.